डावऱ्याची बोहनी

सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला "कुठे चाललास?" असं आमच्या घरात विचारायचं नाही. विचारलं की पडलंच आडवं. माझे वडील होडीवर जायला निघाले आणि कुणी चुकून असं विचारलं, तर ते तसेच मागे फिरायचे, ओटीवर बसायचे, तंबाखू मळायचे, पाणी प्यायचे आणि मग नव्यानं निघायचे. जाळं वर घेताना मासे मोजायचे नाहीत. चांगली मासळी लागत असेल तर "आज चांगली लागतेय" असं तोंडातून काढायचं नाही. मी बी.एड. झालेली बाई, मुलांना विज्ञान शिकवते, हे सगळं थोतांड आहे हे मला पुरतं ठाऊक आहे. तरीपण कुणी चपला घालताना दिसलं की जिभेवर आलेला "कुठे" मी आवंढ्यासारखा गिळते. जन्माची सवय, ती बी.एड.नं काय सुटणार?

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जो घोळ झाला तो ह्या असल्या समजुतींचा, आणि तो घालणारी दुसरी कुणी नव्हे, मीच.

मी डहाणूला आईबरोबर राहते आणि नोकरीला तलासरी तालुक्यात, वेवजीच्या शाळेत जाते. दोन गाड्या बदलून. आई मच्छीबाजारात बसते. वडील गेल्यावर होडी विकली, पण आईची पाटी काही सुटली नाही. बोंबील, मांदेली, कोलंबी, नशिबात असेल त्या दिवशी पापलेट. मी लग्न केलं नाही. त्यावर आई पंधरा वर्षं बोलली, मग दमली. आता आम्ही दोघी एकमेकींवर इतर विषयांवरून ओरडतो.

शाळेत असताना मी बोर्डीला सॉफ्टबॉल खेळायचे. आमच्या खेळाच्या बाईंना त्याचं वेड होतं आणि ते त्यांनी आम्हाला लावलं. बॅट चांगली चालायची माझी, जिल्ह्यापर्यंत गेले होते. पुढं खेळ सुटला, वेड राहिलं. मोबाईल आल्यावर मला ह्या खेळाचा मोठा भाऊ सापडला, बेसबॉल, तोही थेट अमेरिकेतून. तिकडे संध्याकाळचा सामना असला की आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. सगळ्यात वरच्या लीगचे सामने बघायला पैसे पडतात. तिच्याखालच्या एका लीगचे फुकट दिसायचे, म्हणून मी ते बघायचे. खेळाडू तेही पगारीच, फक्त अजून मोठे व्हायचे राहिलेले.

त्या लीगमध्ये एक डावखुरा होता. जुलैमध्ये माझ्या लक्षात आलं, हा गडी प्रत्येक सामन्यात निदान एक तरी हिट मारतोय. एकही सामना कोरडा नाही. आता ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना वाटेल, त्यात काय एवढं? अहो, बेसबॉलमध्ये चांगल्यातला चांगला खेळाडूसुद्धा दहातून सात वेळा हात हलवत परत येतो. तसल्या खेळात रोज एक हिट, न चुकता! वरच्या लीगमधला विक्रम सलग छप्पन सामन्यांचा आहे आणि ऐंशीहून जास्त वर्षं तो कुणाच्या बापाला मोडता आलेला नाही. आमचा डावखुरा काही छप्पनच्या जवळपास नव्हता, पण त्याच्या त्याच्या लीगचाही एक जुना विक्रम होता, आणि त्या दिशेनं तो एकेक पाऊल टाकत निघाला होता.

आई ह्या सगळ्याला "अमेरिकेचं खूळ" म्हणायची. दर्या बंद होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आई घरात सुके बोंबील निवडत बसलेली. आठ वाजले असतील. मोबाईल पाण्याच्या पिंपाला टेकवून मी बघत होते. डावखुऱ्याची शेवटची संधी होती, त्या दिवशी एकही हिट नव्हती, आणि त्यानं बॉल दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून असा काढला की मी किंचाळले. आईच्या हातातलं सूप पडलं.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोण नाही गेलं. हिट मारली त्यानं."

"ती काय रोजच मारतो. रोजच किंचाळतेस तू."

"तेच तर! रोज मारतो!"

मग मी तिला समजवायला बसले. नऊ खेळाडू, चार बेस, तीन बाद. आईचं सगळं ध्यान बोंबलांत. शेवटी म्हटलं, ते सगळं सोड. एका सामन्यात त्याला चार-पाच वेळा बॅट घेऊन उभं राहायला मिळतं. त्यात एकदा तरी त्यानं मारलेला बॉल कुणाच्या हाती न लागता खाली पडला पाहिजे आणि हा पहिल्या बेसला सुखरूप पोचला पाहिजे. एकदाच झालं तरी पुरे. पण रोज. एक दिवस चुकला की सगळं गेलं, पुन्हा शून्यापासून.

आईचा हात थांबला. "म्हंजे बोहनी."

पंचवीस वर्षं मी हा खेळ लोकांना समजावत आलेय. इतकं चोख मला एकदाही जमलं नव्हतं.

"दिवसभरात किती विकलं ते नंतर," आई म्हणाली. "बोहनी झाली पायजे. मी कवापास्नं बसते बाजारात, बोहनी न करता घरी आले असं एक दिवस झालं नाय. पाऊस असो, श्रावण असो, तुझा बाप आजारी असो."

त्या दिवसापासून तो "आपला डावरा" झाला. नियम तिनं एका आठवड्यात पचवले. बॉल फेकणाऱ्यानं चार वाईट बॉल टाकले की बॅटवाला फुकटात पहिल्या बेसला चालत जातो, पण ती हिट धरत नाहीत. हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, "बरोबर. गिऱ्हाईक नुसतं पाणी पिऊन गेलं, त्याला बोहनी नाय म्हणत." समोरच्या क्षेत्ररक्षकानं हातातला बॉल सोडला म्हणून हा वाचला, तर तीही हिट नाही. "बरोबरच हाय. शेजारणीच्या पाटीतला मासा उडून आपल्या पाटीत पडला, तर तो आपला कसा?" हिट का चूक हे तिथला अधिकृत गुण लिहिणारा ठरवतो, हे ऐकून मात्र तिनं नाक मुरडलं. जो स्वतः पाटी घेऊन बसत नाही त्याला काय कळतंय, असं तिचं म्हणणं.

आणि तिनं तिचे नियम घातले. आकडा म्हणायचा नाही. किती दिवस झाले, विक्रमाला किती उरले, तोंडातून काढायचं नाही. मी पिंपाच्या डाव्या अंगाला बसायचं, ती उंबऱ्यावर. चहा कान तुटलेल्या कपातच. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं की तिकडचे खेळाडूही असेच. मी मोठ्या हौसेनं तिला सांगितलं, असा सिलसिला चालू असताना काही जण मोजे बदलत नाहीत, काही दाढी करत नाहीत, आणि संघातले बाकीचे त्याच्यासमोर त्या विषयाचा शब्द काढत नाहीत.

"शहाणी माणसं," आई म्हणाली.

स्वतःच्या पायावर धोंडा मी नेमका इथं पाडून घेतला, पण ते कळायला वेळ लागला.

ऑगस्टमध्ये दर्या उघडला. आई पुन्हा पहाटे बंदरावर जाऊ लागली, तिथून सहाच्या सुमाराला घरी, चहा, थोडा डावरा, आणि मग बाजार. एक दिवस ती डबा विसरली म्हणून शाळेला जाता जाता मी तो द्यायला गेले. बघते तर आई खांबाला लटकवलेल्या निळ्या रेनकोटाशी बोलत होती.

"ये गो बाय, बघून तर जा. आत्ता उतरलेत बोंबील. हात लाव, हात लावून बघ."

रेनकोट काही बोलेना.

"नको तर नको. तोंड कशाला वाकडं करतेस?"

शेजारी बसणारी मावशी, आईची तीस वर्षांची सखी आणि तीस वर्षांची वैरीण, तिनं मला खूण करून बाजूला घेतलं. "दर्या बंद व्हायच्या आधीपास्नं असंच," ती म्हणाली. "कल्ले बोटानं चाचपते, रंग मला विचारते. परवा लिलावात कालची बर्फातली मासळी ताजी म्हणून उचलत होती, मी हात धरला. तुला नाय सांगायचं म्हणून शपथ घातलीय तिनं मला. मी काय सांगितलं नाय हां."

मला इतका राग आला, इतकी लाज वाटली. एका घरात राहून मला कळलं नव्हतं. रोज सकाळी ती मोबाईलकडे तोंड करून बसायची, मीच तोंडानं सगळं सांगत असायचे, आणि मला वाटायचं, बघतेय.

त्याच आठवड्यात ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला पुरता पिकलेला. डॉक्टर तरुण होते, म्हणाले, "आजी, उजवा आधी करू, मग महिन्याभरानं डावा. पण लांबवू नका. आणखी पिकला तर आत दाब वाढतो. मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं मी सांगू शकणार नाही." मंगळवारी आणि शुक्रवारी ते ऑपरेशन करत. तयार व्हाल त्या दिवशी या, म्हणाले.

घरी येईपर्यंत आईला एकच गोष्ट झोंबत होती. "आजी म्हणाला. त्याच्या आजीला जाऊन आजी म्हण म्हणावं."

मग सबबी सुरू झाल्या. आत्ता कुठे दर्या उघडलाय. बरं, मग पुढच्या आठवड्यात? श्रावण संपला की गिऱ्हाईक तुटून पडतं. बरं, त्यानंतर? गणपती. त्यानंतर? पितृपक्षात कोण डोळ्याला हात लावतं? मी ओरडले, मी रडले, मी एक दिवस जेवले नाही. आईनं माझं जेवण मांजराला घातलं. शेवटी मी तिला कोपऱ्यात गाठलं, म्हटलं, आज तारीख सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

आईनं मोबाईलकडे बोट केलं. "त्याची बोहनी चालू हाय तोवर नाय. मोडली की दुसऱ्या दिवशी येते. शब्द."

"त्याचा आणि तुझ्या डोळ्याचा काय संबंध?"

"तूच सांगितलंस. तो मोजे बदलत नाय. आणि मी डोळा बदलू?"

माझेच दात, माझेच ओठ.

आता माझी काय अवस्था झाली ते बघा. पंचवीस वर्षांचं वेड, डोळ्यांदेखत एक विक्रम होऊ घातलेला, आणि मी रोज सकाळी उठून देवाला सांगत होते, ह्या पोराला आज एकही हिट मिळू देऊ नकोस. डावरा बॅट घेऊन आला की मी मनातल्या मनात बॉल फेकणाऱ्याला सूचना द्यायचे. बाहेरच्या अंगाला टाक रे, बाहेर टाकला की हा चुकतो. तो चुकायचा, आणि मग तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला कुठेतरी एक घुसवायचाच. आई टाळी वाजवायची. मी मूग गिळून टाळी वाजवायचे.

मग मी घातपातावर उतरले. आई बंदरावर असताना पिंपाच्या उजव्या अंगाला बसून बघितलं. त्यानं हिट मारली. कान असलेल्या कपातून चहा प्यायले. दोन हिट मारल्या. न्हाणीघरात दार लावून मी आकडा मोठ्यानं म्हटला, तीनदा. काही नाही. शेवटी एका सकाळी तो बॅट खांद्यावर टाकून मैदानाकडे चालायला लागला, तेव्हा मी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि, वडिलांची मनातल्या मनात माफी मागून, विचारलं, "कुठे चाललास रे?"

पहिल्याच बॉलला त्यानं असा टोला हाणला की बॉल कुंपणाबाहेर. विज्ञानाच्या बाईनं ह्यावरून काय तो धडा घ्यावा. मी घेतला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

असं करत तो विक्रमाच्या तोंडाशी आला. एके दिवशी समोरच्या संघानं घाबरून त्याला चारही वेळा वाईट बॉल टाकले. चारही वेळा तो नुसता चालत पहिल्या बेसला गेला. हिट शून्य! मी उडी मारून उठले. "मोडली! उद्या चल!"

आई उंबऱ्यावरून हलली नाही. "चारही वेळा चालतच गेला?"

"हो."

"म्हंजे त्याला मारायला दिलंच नाय. बाजारच बंद होता. बाजार बंद असल्यावर बोहनी कशी मोडेल? नियम काय तो बघ."

मी नियम शोधला. शोधायला नको होता, पण मास्तरकी आडवी येते. नियमात स्पष्ट होतं, सगळ्या खेपा अशा गेल्या तर सिलसिला मोडत नाही, वाढतही नाही, जिथल्या तिथं राहतो. आईनं ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ती नजर पन्नास टक्के बंद होती, तरी मला पुरली.

त्यानंतर चार दिवसांनी, एका सोमवारी, ते झालं. डावरा तीनदा कोरडा गेला. चौथ्या खेपेला त्यानं जमिनीलगत सणसणीत मारला, तिसऱ्या बेसवाल्याच्या हातमोज्यावर आदळून बॉल उडाला, डावरा पहिल्या बेसला पोचला. हिट का चूक? पडद्यावर अक्षर उमटलं. चूक. तिसऱ्या बेसवाल्याची चूक. सामना संपला.

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते घडलं आणि मला जराही आनंद झाला नाही, हे खरं सांगते. डावरा बाकावर डोकं धरून बसला होता. आईनं उठून पाटी डोक्यावर घेतली, दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या मंगळवार हाय ना?"

शब्द म्हणजे शब्द.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता. बर्फात मासळी घालून हात थंड होतात तसा नव्हे, वेगळा. बाकावर बसल्यावर ती हळू आवाजात बोलायला लागली.

"माझ्या आयेचा डोळा असाच कापला होता. तू झाली नव्हतीस. मी होते तिच्यासोबत. पट्टी सोडली, तर ती म्हणाली, आता सोडा ना पट्टी." आई थांबली. "सुटली होती गो पट्टी."

श्रावण, गणपती, पितर, डावरा, सगळ्यांच्या मागे हे होतं. इतके दिवस मी तिच्यावर हट्टी म्हणून ओरडत होते. मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली. मी म्हटलं, "तेव्हाचं वेगळं होतं आई. आता दहा मिनिटांत होतं." ती म्हणाली, "हं." मग नर्स आली, हिरवा अंगरखा आणि टोपी घालून तिला आत खुर्चीवर बसवलं, डोळ्यात थेंब घातले. तिच्या आधी दोघं होते. दार उघडं होतं, मला ती दिसत होती.

त्या दिवशी तिकडे सामना नव्हता, सुट्टी होती. नुसता चाळा म्हणून मी मोबाईल उघडला. आणि वाचलं. तो अधिकृत गुण लिहिणारा असतो ना, त्याला सामना झाल्यावर पुन्हा चित्रण बघून निर्णय फिरवता येतो. त्यानं फिरवला होता. चूक नव्हे, हिट. बॉल इतका जोरात होता की कुणालाच धरता आला नसता. डावऱ्याची बोहनी मोडलेली नव्हती. विक्रमाला दोन कमी, आणि सिलसिला चालू.

आणि माझी आई, मोडली म्हणून दिलेल्या शब्दाला जागून, आत हिरवी टोपी घालून बसली होती. तिच्या आधी आता एकच जण उरला होता.

सांगितलं असतं तर ती उठली असती. टोपी नर्सच्या हातात देऊन तशीच घरी गेली असती, आणि पुन्हा आली नसती. हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काही नव्हतं. पण भाबडेपणानं नव्हे, विश्वासानं आली होती ती.

"काय गो," तिनं आतून विचारलं, "मोबाईल बघतेस ना? काय म्हणतात तिकडे?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. "आज सुट्टी आहे त्यांना."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त टोचलं.

ऑपरेशन झालं. रात्रभर आई पट्टी बांधून शांत पडून होती, मी कूस बदलत होते. बुधवारी सकाळी साडेसातला पट्टी सोडायला बोलावलं होतं. मावशी बाजार सोडून आली, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडवली, कापूस काढला, डोळा हलकेच पुसला. मी तिच्या समोर उभी होते. ती डोळा मिचकावत होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय, आजी?" उत्तर नाही. पुढचा शब्द "पट्टी" निघाला तर मी काय करणार होते, देव जाणे.

आईनं हात पुढं केला आणि माझ्या कानावरची बट धरली.

"तुझे केस कवा पिकले गो?"

मी रडले, मावशी रडली. आईला रडायला डॉक्टरांनी बंदी केली होती म्हणून ती आमच्यावर ओरडली. बाहेर बाकावर येऊन बसलो आणि मला राहवेना. तिचा हात अजून माझ्या केसांत होता. मी सगळं सांगून टाकलं. निर्णय फिरला होता, काल मला ती आत जायच्या आधी कळलं होतं, मी लपवलं.

हात केसांतून निघाला. काळा चष्मा चढला. आमच्याकडे आई चिडली की ओरडते, आणि फारच चिडली की ओरडत नाही, मला सोडून बाजूच्या माणसाशी बोलते.

"हिला विचार," ती मावशीला म्हणाली, "आज सामना हाय का म्हणावं."

"चालू आहे," मी मोबाईल बघून म्हटलं. "शेवट आलाय. आज अजून एकही हिट नाही."

"हिला सांग, लाव म्हणावं."

"अगो, कालच डोळा केलाय तुझा," मावशी म्हणाली.

"एक पोरगा बघून डोळा फुटत नाय."

मी लावला. आईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदाच, माझ्या तोंडून नव्हे, स्वतःच्या डोळ्यानं डावऱ्याला बघितलं. शेवटची खेप होती. तो उभा राहिला, बॅट हलवली. जबडा आवळलेला, मानेची शीर ताणलेली. एक बॉल सोडला. दुसरा बाजूला गेला. तिसरा त्यानं मारला, उंच, खूप उंच, आणि तो लांब जाऊन एका क्षेत्ररक्षकाच्या हातात अलगद पडला. संपलं. विक्रमाला दोन कमी होते, दोन कमीच राहिले.

मी डोळे मिटून घेतले. आता ती म्हणणार, बघ, मी डोळ्याला हात लावू दिला आणि त्याची मोडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मी तिला कसं समजावणार होते? जन्मभर ऐकवलं असतं तिनं मला.

मी डोळे उघडले. पडद्यावर डावरा परत येत होता, कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ गेला होता. त्यानं हेल्मेट काढलं, लांब श्वास सोडला, आणि हसला. खांदे खाली आले त्याचे. आई मोबाईल नाकाशी धरून त्याच्याकडे बघत होती.

"सुटला गो पोरगा," ती म्हणाली. "किती घाबरला होता."

मावशीनं मोबाईल काढून घेतला, चष्मा खाली ओढला. आई भिंतीला टेकून बसली. तिच्या ओटीत माझा हात कधी गेला, मला कळलं नाही. तिनं तो झटकला नाही.

"हिला सांग," थोड्या वेळानं ती मावशीला म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन ये म्हणावं. आणि ह्या वेळी काय असेल ते मला सांग म्हणावं. मी पळणार नाय."